मात कोणाला? तैमुरी बुद्धिबळांतील राजा, शहाजादा आणि वारसा

गेल्या पावसाळ्यांत मैदानावर चिखल झाल्यामुळें सायंकाळचे खेळ बंद पडले आणि वसतिगृहाच्या व्हरांड्यांत बुद्धिबळांचे पट मांडले गेले. नेहमींच्या खेळाला सरावलेल्या वरच्या वर्गांतील कांहीं विद्यार्थ्यांना मीं तैमूरलंगाच्या दरबारांतील मोठें बुद्धिबळ शिकविलें. जाड पुठ्ठ्यावर पट आंखला, मोहऱ्यांवर नांवांच्या चिठ्ठ्या चिकटविल्या, आणि पंधरा दिवसांतच हा खेळ मुलांना इतका आवडला कीं पावसाळी सामन्यांत त्यालाही स्थान द्यावें लागलें.

शेवटच्या सामन्यांत एक पेंच उभा राहिला. एका विद्यार्थ्याच्या राजाला शह बसला. राजाला हलावयास घर नव्हतें, शह देणारें मोहरें मारतां येत नव्हतें, आणि मध्यें कांहीं घालण्यासही जागा नव्हती. परंतु पटाच्या दुसऱ्या टोकाला त्याचें राजाचें प्यादें शेवटच्या रांगेपासून एकच घर दूर होतें. त्यानें शांतपणें तें प्यादें पुढें सरकविलें आणि तो म्हणाला, “शहाजादा झाला. आतां माझा राजा खुशाल मारा; गादी रिकामी राहत नाहीं.” त्यावर दुसरा उसळून म्हणाला, “शह काढल्यावांचून दुसरी खेळी करतांच येत नाहीं. मात झाली, डाव संपला. संपलेल्या डावांत शहाजादा जन्मणार कसा?”

दोघांनीं माझ्याकडे पाहिलें. मीं फारसा विचार न करितां ‘मात झाली’ असा निकाल दिला. हरलेला मुलगा “बरें, सर” एवढेंच म्हणाला आणि मोहरीं पेटींत भरूं लागला. त्या रात्रीं मीं नियम पुन्हां वाचले, तेव्हां माझ्या ध्यानांत आलें कीं ज्या नियमाच्या आधारें मीं निकाल दिला, तो नियम मीं त्या मुलांना कधीं सांगितलाच नव्हता. हा लेख त्या चुकीची भरपाई म्हणून लिहीत आहें. विद्यार्थ्यांनीं तो पटापुढें बसून वाचावा. पालकांनींही वाचावा, कारण नियम म्हणजे काय आणि तो केव्हां ठरवावा हा प्रश्न पटापुरताच नाहीं.

मात या शब्दाचा अर्थ

प्रथम आपल्या नेहमींच्या खेळांतील शब्द नीट समजून घेऊं. फारशी भाषेंत ‘शाह’ म्हणजे राजा. त्याच शब्दावरून आपला ‘शह’ आला, आणि अरब लोकांच्या मार्फत युरोपांत गेलेल्या त्याच शब्दापासून इंग्रजींतील ‘चेक’ व ‘चेस’ हे शब्दही निघाले. ‘शाह मात’ म्हणजे राजा निरुपाय झाला, त्याची गति खुंटली. मात म्हणजे राजा मारला जाणें, अशी पुष्कळांची समजूत असते. ती बरोबर नाहीं. आपल्या बुद्धिबळांत राजा कधींच मारला जात नाहीं. तो मारला जाण्याच्या एक पाऊल अलीकडे डाव थांबतो.

राजाला शह बसला म्हणजे खेळणाऱ्यापुढें तीनच मार्ग असतात. राजानें सुरक्षित घरीं जावें. शह देणारें मोहरें मारावें. किंवा तें दूर असेल तर मध्यें आपलें एखादें मोहरें घालावें. तिन्ही मार्ग बंद झाले कीं मात झाली. आतां लक्ष देऊन पाहिलें तर या साध्या गोष्टींत दोन वेगवेगळीं तत्त्वें एकत्र बांधलेलीं आढळतील.

पहिलें तत्त्व असें कीं, शह बसला असतां तो दूर न करणारी कोणतीही खेळी नियमाबाहेरची होय. दुसरें असें कीं, राजा एकच असल्यामुळें त्याचा शेवट तोच डावाचा शेवट. पहिलें तत्त्व खेळणाऱ्याचें कर्तव्य सांगतें; दुसरें त्याचें भवितव्य सांगतें. नेहमींच्या खेळांत हीं दोन्ही तत्त्वें जोडीनें चालतात, म्हणून तीं दोन आहेत हें आपल्याला जाणवतही नाहीं. परंतु पटावर दुसरा राजा आला कीं तीं एकमेकांपासून सुटतात, आणि मग ‘मात कोणाला?’ हा प्रश्न खरोखरीच विचारावा लागतो.

तैमूरचा पट

तैमूरलंगाचें नांव आपल्या देशांत इ. स. १३९८ मधील दिल्लीच्या लुटीमुळें परिचित आहे. हा कठोर विजेता बुद्धिबळांचा मोठा शोकी होता. त्याच्या दरबारांत अलाउद्दीन तब्रीझी नांवाचा विद्वान होता. बुद्धिबळांतील नैपुण्यामुळें त्याला अली शत्रंजी म्हणत. ही माहिती मिळते ती इब्न अरबशाह या चरित्रकाराकडून. इ. स. १३८९ मध्यें दमास्कस येथें जन्मलेल्या या लेखकाला, तैमूरनें इ. स. १४०१ मध्यें तें शहर घेतलें तेव्हां, लहानपणींच समरकंदला नेण्यांत आलें. पुढें त्यानें लिहिलेलें तैमूरचें चरित्र द्वेषानें भरलेलें आहे. तरीही तैमूरच्या बुद्धिबळाविषयीं त्यानें आदरानेंच लिहिलें आहे. साधें बुद्धिबळ तैमूरला अपुरें वाटे आणि तो मोठ्या पटावर खेळे, असें तो सांगतो. एच. जे. आर. मरे या इंग्रज संशोधकानें इ. स. १९१३ मध्यें प्रसिद्ध केलेल्या बुद्धिबळाच्या इतिहासांत या खेळाचें सविस्तर वर्णन आहे.

हा पट अकरा घरें रुंद आणि दहा घरें लांब, म्हणजे एकशें दहा घरांचा. शिवाय प्रत्येक खेळाडूच्या उजव्या हाताला, त्याच्या दुसऱ्या रांगेला लागून, पटाबाहेर एकेक घर जोडलेलें असतें. त्याला किल्ला म्हणावें. असे दोन किल्ले धरून एकूण घरें ११२ होतात. प्रत्येक बाजूला सतरा मोठीं मोहरीं व अकरा प्यादीं, म्हणजे अठ्ठावीस. दोन्ही मिळून छप्पन.

मोहऱ्यांचीं नांवें ऐकून फसूं नये. आपण ज्याला हत्ती म्हणतो तो या पटावरील रुख. तो आपल्या हत्तीप्रमाणेंच सरळ चालतो. खऱ्या हत्तीचें नांव येथें ‘पील’, आणि तो तिरपा बरोबर दोन घरें उडी मारतो. आपल्या उंटासारखा तिरपा चालणारा येथें टेहळ्या आहे. मात्र त्याला एकच घर जातां येत नाहीं, निदान दोन घरें तरी जावें लागतें. नांवाचा उंट घोड्यापेक्षां लांब उडी घेतो: एक घर तिरपें आणि पुढें दोन सरळ. जिराफ एक घर तिरपा जाऊन पुढें निदान तीन घरें सरळ धांवतो, परंतु त्याला वाटेंतील मोहऱ्यांवरून उडी मारतां येत नाहीं. ‘दब्बाबा’ म्हणजे तटबंदी फोडण्याचें युद्धयंत्र. तें सरळ दोन घरें उडतें. घोडा मात्र आपलाच घोडा आहे. राजाच्या एका बाजूला सेनापति व दुसऱ्या बाजूला वजीर असतो. सेनापति तिरपें एक घर व वजीर सरळ एक घर एवढेंच चालतात. आपल्या वजिरासारखें पटभर धांवणारें मोहरें येथें नाहीं. म्हणून मात करणें कष्टाचें, डाव लांबणारे आणि प्याद्यांचें महत्त्व फार.

प्रत्येक प्याद्याचा धनी वेगळा

आपल्या जुन्या देशी खेळांत, प्यादें ज्या मोहऱ्याच्या घरीं पोहोंचेल तें मोहरें तें बनतें, हा नियम वडील मंडळींना आठवत असेल. तैमुरी खेळांत त्याच्या जवळचाच, परंतु अधिक कडक नियम आहे. येथें प्रत्येक प्याद्याचा धनी आरंभापासून ठरलेला असतो. रुखाचें प्यादें, घोड्याचें प्यादें, उंटाचें प्यादें, जिराफाचें प्यादें, याप्रमाणें अकरा प्यादीं अकरा प्रकारचीं. सर्वांची चाल एकच: पुढें एक घर जावें आणि पुढच्या तिरप्या घरांतील मोहरें मारावें, पहिल्या खेळीला दोन घरें जाण्याची सवलत नाहीं. प्यादें वाटेंत मारामारी करीत कोणत्याही ओळींत गेलें तरी शेवटच्या रांगेंत पोहोंचल्यावर तें आपल्या धन्याचेंच रूप घेतें.

यांतील दोन प्यादीं वारशाच्या दृष्टीनें महत्त्वाचीं आहेत. पहिलें राजाचें प्यादें. तें शेवटच्या रांगेंत पोहोंचलें कीं ‘शहाजादा’ होतें आणि राजासारखें सर्व दिशांना एक घर चालतें. दुसरें त्याहूनही चमत्कारिक आहे. एका कडेला ‘प्याद्यांचें प्यादें’ असतें. त्याला कोणी धनी नाहीं. तें प्रथम शेवटच्या रांगेंत पोहोंचलें म्हणजे तेथेंच थांबतें आणि त्याला कोणी मारूं शकत नाहीं. पुढें पटावर अशी संधि आली कीं एखाद्या घरांतून त्याला शत्रूच्या दोन मोहऱ्यांवर एकदम मारा करतां येईल, किंवा ज्याची सुटका नाहीं अशा मोहऱ्यावर मारा करतां येईल, तर तें उचलून त्या घरांत ठेवितां येतें. तेथून तें पुन्हां चालत दुसऱ्यांदा शेवटच्या रांगेंत पोहोंचलें, तर लागलीच राजाच्या प्याद्याच्या मूळ घरीं येऊन बसतें. तिसऱ्यांदा सबंध पट ओलांडला, तरच तें राजा होतें. या राजाला ‘शाह मस्नूअ’ म्हणजे बनविलेला राजा म्हणत. आपण त्याला ‘कृत्रिम राजा’ म्हणूं.

या रीतीनें एका बाजूला राजा, शहाजादा आणि कृत्रिम राजा असे तीन राजपुरुष होऊं शकतात. पहिला जन्मानें राजा, दुसरा वारशानें, आणि तिसरा केवळ पायपिटीनें.

मात आणि वारसा यांचे नियम

आतां मुख्य विषयाकडे वळूं. विद्यार्थ्यांनीं पुढील नियम वहींत उतरून घ्यावे.

१. बाजूला एकच राजपुरुष असेल, मग तो मूळचा राजा असो, शहाजादा असो किंवा कृत्रिम राजा असो, तर त्याला शह बसल्यावर तो काढलाच पाहिजे. न काढतां आला तर मात झाली व डाव संपला.

२. एकाहून अधिक राजपुरुष असतील तर त्यांपैकीं कोणावरही मारा झाला तरी तो काढण्याचें बंधन नाहीं. त्यांपैकीं कोणालाही इतर मोहऱ्यांप्रमाणें मारून पटाबाहेर काढतां येतें. मूळचा राजा मारला गेला तरी डाव चालूच राहतो.

३. शेवटीं जो एकटा उरेल त्याच्यावर मूळ राजाचें सर्व दायित्व येतें. त्या क्षणापासून त्याला पहिला नियम लागूं होतो.

४. शहांत सांपडलेल्या राजाला सबंध डावांत एकदांच आपल्या एखाद्या साध्या मोहऱ्याशीं घराची अदलाबदल करून सुटतां येतें. ही सवलत एकदां वापरली कीं संपली.

५. संकटांत असलेला राजा शत्रूच्या किल्ल्यांत शिरला तर डाव बरोबरींत सुटतो. आपल्या स्वतःच्या किल्ल्यांत मात्र केवळ कृत्रिम राजालाच जातां येतें, आणि तो तेथें बसला म्हणजे शत्रूच्या राजाला ती पळवाट उरत नाहीं. तीन वेळां पट तुडविणाऱ्या प्याद्याला शेवटीं हें वेशीवरील पहाऱ्याचें काम करितां येतें, हें लक्षांत ठेवण्याजोगें आहे.

हे नियम वाचून वाटतें कीं शहाजादा झाला म्हणजे खेळाडू निर्धास्त झाला. प्रत्यक्षांत तसें नाहीं. शहाजादा जन्मतो तो शत्रूच्या मागच्या रांगेंत, म्हणजे परक्या छावणीच्या मध्यभागीं. त्याचा राजा पटाच्या दुसऱ्या बाजूला असतो. मदतीला कोणी नसतें. पुष्कळदां तो जन्मल्याबरोबर पुढच्याच खेळींत मारला जातो. म्हणून शहाणा खेळाडू राजाचें प्यादें घाईनें पुढें ढकलीत नाहीं. आधीं त्या बाजूला एखादा रुख किंवा टेहळ्या पोहोंचवितो आणि मगच प्याद्याला पाठवितो.

दुसरें एक उदाहरण घ्या. काळ्याचा राजा आपल्या शेवटच्या रांगेंत एका कोपऱ्यांत आहे. त्याचा शहाजादा पूर्वींच झालेला असून तो परत स्वतःच्या घरीं येऊन त्याच रांगेंत राजापासून चार घरें दूर उभा आहे. मधलीं घरें रिकामीं आहेत. पांढऱ्याचा एक रुख त्यांच्या पुढची सबंध रांग रोखून बसला आहे आणि दुसरा रुख शहाजाद्याच्या ओळींत येऊन त्याच्यावर मारा करीत आहे. काळा मनांत म्हणतो, ‘राजपुरुष दोन आहेत, घाबरण्याचें कारण काय?’ आणि तो दुसरीकडे एक घोडा मारतो. पांढऱ्याचा रुख शहाजाद्याला मारतो. त्याच क्षणीं राजा एकटा उरतो. आणि शहाजाद्याच्या घरीं आलेल्या त्याच रुखाचा त्याला शह बसलेला असतो. पुढची रांग पहिल्या रुखानें अडविली आहे. रुखाला मारणारें किंवा मध्यें घालण्यासारखें काळ्याजवळ जर कांहीं नसेल आणि अदलाबदलीची सवलतही संपली असेल, तर एकाच खेळींत वारस गेला आणि मातही झाली. दोन राजपुरुष असणें ही ढाल खरी. परंतु शेजारीं शेजारीं ठेवलेल्या दोन ढाली एकाच घावांत फुटूं शकतात.

वादाचा विचार

आतां आमच्या व्हरांड्यांतील पेंच पाहूं. त्या मुलानें अदलाबदलीची सवलत आधींच वापरली होती. शह बसला त्या क्षणीं त्याचा राजपुरुष एकच होता. त्याची खेळी पुरी झाल्यावर ते दोन झाले. मग त्याला पहिला नियम लावावा कीं दुसरा?

‘मात झाली’ म्हणणाऱ्याचा युक्तिवाद असा: नियम लागूं होतो तो खेळी सुरू होतांना असलेल्या स्थितीला. त्या वेळीं राजा एकटा होता. म्हणून शह काढणें हें त्याचें कर्तव्य होतें. प्यादें पुढें ढकलल्यानें शह निघाला नाहीं. म्हणून ती खेळी नियमाबाहेरची ठरते, आणि दुसरी खेळी नसल्यामुळें मात होते. हा युक्तिवाद पहिल्या तत्त्वावर, म्हणजे कर्तव्यावर, उभा आहे.

‘शहाजादा झाला’ म्हणणाऱ्याचा युक्तिवाद असा: शह काढावा लागतो तो कशासाठीं? पुढच्या खेळींत राजा गेला तर सर्वच गेलें, म्हणून. परंतु शहाजादा झाल्यावर राजा गेला तरी सर्व जात नाहीं. ज्या भयासाठीं नियम केला तें भयच उरलें नाहीं, तर नियमाची सक्ति कशासाठीं? हा युक्तिवाद दुसऱ्या तत्त्वावर, म्हणजे भवितव्यावर, उभा आहे.

येथें जपानांतील एका जुन्या खेळाची तुलना उपयोगी पडते. ‘चू शोगी’ म्हणजे मध्यम बुद्धिबळ. बारा घरें लांब व बारा घरें रुंद अशा त्याच्या पटावर प्रत्येक बाजूला सेहेचाळीस सोंगट्या असतात. त्यांत ‘मद्यधुंद हत्ती’ नांवाची एक सोंगटी आहे. ती सरळ मागें सोडून इतर सर्व दिशांना एक घर चालते. शत्रूच्या मुलखांत शिरून तिला बढती मिळाली कीं ती ‘युवराज’ होते. मग राजा व युवराज हे दोघेही मारल्यावांचून डाव जिंकतां येत नाहीं. लहान पटाच्या जुन्या जपानी खेळांतही हा हत्ती होता. सोळाव्या शतकांत सम्राट गो-नारा याच्या काळीं तो काढून टाकण्यांत आला, आणि आजच्या जपानी बुद्धिबळांत एकच राजा उरला.

चू शोगींत डाव संपतो तो शेवटचा राजपुरुष मारला गेल्यावर. जेथें शेवट ‘मारण्यानें’ होतो तेथें आमच्या दुसऱ्या विद्यार्थ्याचा युक्तिवाद सरळ लागूं पडतो: युवराज झाला तर राजा गेला तरी चालेल. जेथें शेवट ‘मात होण्यानें’ होतो, आणि शह काढणें हें स्वतंत्र कर्तव्य मानलें जातें, तेथें पहिल्याचा युक्तिवाद बळकट ठरतो. म्हणजे दोन्ही वाचनें आपापल्या जागीं सुसंगत आहेत. कोणीही मुलगा लबाडी करीत नव्हता. दोघेही बुद्धीनें बोलत होते. चूक पटावर नव्हतीच. ‘शेवटचा उरलेला राजपुरुष मात झाला पाहिजे’ एवढेंच मीं शिकविलें. ‘किती उरले हें केव्हां मोजावयाचें’ हें सांगावयाचें राहिलें, आणि वाद उत्पन्न झाल्यावर जो नियम मला सुचला तो मागच्या खेळीला लावून मोकळा झालों.

दुसऱ्या दिवशीं दोघांना बोलावून मीं हें सर्व त्यांच्यापुढें मांडलें आणि माझा निकाल मागें घेतला. जिंकलेल्या विद्यार्थ्यालाच विचारलें, “आतां काय करावें?” तो थोडा वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, “नवा डाव मांडूं, सर. आधीं नियम ठरवूं.” मोहरीं मांडण्यापूर्वीं दोघांनीं मिळून ठरविलें कीं खेळी पुरी झाल्यावर राजपुरुष मोजावे, म्हणजे प्याद्याचा शहाजादा होऊन राजपुरुष दोन झाले, तर तें शहाला पुरेसें उत्तर मानावें. आमच्या शाळेंत आतां हाच नियम आहे. त्या नव्या डावांत मात्र दोघांपैकीं कोणाचेंच राजाचें प्यादें शेवटच्या रांगेपर्यंत पोहोंचलें नाहीं.

तैमूरच्या घरांत काय झालें

या खेळांतील वारशाचा क्रम किती सुव्यवस्थित आहे! राजा गेला तर शहाजादा. शहाजादा गेला तर कृत्रिम राजा. हा खेळ ज्याला प्रिय होता त्याच्या घरीं काय घडलें तें पाहिलें म्हणजे पटाचें सुख कळतें.

तैमूरला चार मुलगे होते. थोरला जहांगीर इ. स. १३७६ मध्यें वारला. दुसरा उमर शेख इ. स. १३९४ मध्यें गेला. तैमूरनें जहांगीरचा मुलगा महंमद सुलतान याला वारस नेमिलें, तोही इ. स. १४०३ मध्यें मरण पावला. मग जहांगीरचाच दुसरा मुलगा पीर महंमद याची निवड झाली. फेब्रुवारी १४०५ मध्यें चीनच्या स्वारीवर निघालेला तैमूर ओत्रार येथें मरण पावला. त्या वेळीं पीर महंमद दूर होता. तैमूरचा दुसरा नातू, मीरान शाहचा मुलगा खलील सुलतान, यानें समरकंद बळकावलें. पीर महंमदानें लढून पाहिलें, परंतु त्याचा पराभव झाला, आणि इ. स. १४०७ मध्यें त्याच्याच वजिरानें त्याचा घात केला. शेवटीं इ. स. १४०९ मध्यें हेरातहून तैमूरचा धाकटा मुलगा शाहरुख यानें समरकंद ताब्यांत घेतलें, आणि तोच पुढें इ. स. १४४७ पर्यंत राज्य करीत राहिला.

या शाहरुखाचें नांवच बुद्धिबळांतलें आहे. राजाला शह आणि त्याच वेळीं रुखावर मारा, अशा दुहेरी खेळीला ‘शाह-रुख’ म्हणत. तैमूर पटावर बसला असतां त्यानें अशी खेळी केली आणि तेवढ्यांत मुलगा झाल्याची वार्ता आली, म्हणून मुलाचें नांव तेंच ठेविलें, असें इब्न अरबशाह सांगतो. वारस म्हणून ज्याला नेमिलें नव्हतें तोच शेवटीं पटावर उरला. आणि पुढें काय झालें? शाहरुखाचा मुलगा उलूघ बेग हा मोठा ज्योतिर्विद्, इ. स. १४४९ मध्यें त्याच्याच मुलाच्या आज्ञेनें त्याचा वध झाला.

तैमूरचा वारसाविषयींचा हुकूम कांहीं गुप्त नव्हता. तो दरबारांत सर्वांना ठाऊक होता. उणीव एकच होती. ज्यांना तो पाळावयाचा होता त्यांनीं तो मनानें मान्य केलेला नव्हता. हुकूम देणारा होता तोंवर हुकूम होता; तो गेल्याबरोबर प्रत्येकानें आपापला नियम काढला. पटावर असें होत नाहीं, तें पटाच्या अंगीं कांहीं जादू आहे म्हणून नव्हे, तर पहिलें प्यादें हलण्यापूर्वीं दोन्ही खेळाडूंनीं सारखेच नियम स्वीकारलेले असतात म्हणून. राजा कोणाचा जाणार, शहाजादा कोणाला मिळणार, हें तेव्हां कोणालाच ठाऊक नसतें. त्यामुळें त्या वेळीं ठरविलेला नियम कोणाच्याही बाजूचा नसतो. तोच नियम शह बसल्यावर ठरवूं लागलों, तर तो नियम न राहतां एकाचा जय व दुसऱ्याचा पराजय होऊन बसतो.

विद्यार्थिमित्रांनो, हा खेळ तुम्ही सुट्टींत घरीं जरूर मांडा. पुठ्ठा, पट्टी आणि छप्पन बटणें एवढ्यावर काम भागतें. परंतु मांडण्यापूर्वीं तीन गोष्टी प्रतिस्पर्ध्याशीं बोलून कागदावर लिहा: राजपुरुष केव्हां मोजावयाचे, अदलाबदल कोणत्या वेळीं करावयाची, आणि शह नसतांना खेळायला एकही घर उरलें नाहीं तर निकाल काय. आजच्या आंतरराष्ट्रीय खेळांत ही शेवटची स्थिति बरोबरीची मानतात. जुन्या अरबी खेळांत कोंडलेला तो हरला असें मानीत. दोन्ही चालतील, पण एक ठरवा. आणि घरांतील वडील माणूस पंच म्हणून बसलें असेल तर त्यांनाही तो कागद आधीं दाखवा. म्हणजे माझ्यावर जी वेळ आली ती त्यांच्यावर येणार नाहीं.